फुटक्या आवाजातला गंधार

'द्राक्षबागेत शास्त्रीय संगीत लावा, मण्यात साखर वाढते. मेटल लावलं तर वेली माना टाकतात.' असा एक संदेश मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या गटावर फिरला. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत द्राक्षाची वेल एकही नाही. तो संदेश कोणासाठी होता ते सगळ्यांना कळलं: तळमजल्यावरच्या त्या मुलासाठी. तो संध्याकाळी सहानंतर इलेक्ट्रिक गिटारवर हेवी मेटल हा रॉकचा दणदणीत प्रकार वाजवतो, आणि नेमका तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा रियाज सुरू होतो.

आधी ती द्राक्षं बाजूला करू. १९७३ साली अमेरिकेत डोरोथी रिटॅलॅक या बाईंनी रोपांना वेगवेगळं संगीत ऐकवल्याचं प्रसिद्ध केलं. रोपं रॉकपासून दूर झुकली आणि सतारीकडे वळली, असा त्यांचा दावा. रोपं मोजकी आणि तपासणी ढिली होती, पण गोष्ट छान असल्यामुळे टिकली. नाशकातला कोणताही बागायतदार सांगेल की गोडी येते ऊन, पाणी, खत आणि ऑक्टोबरच्या छाटणीतून. त्या छाटणीचं नावच मुळी 'गोडी छाटणी' आहे. बागेत भूप लावल्याने फार तर राखणदाराचा वेळ बरा जाईल. आणि ज्या गावाने महाराष्ट्राला नाशिक ढोल दिला, त्या गावात कोणी कोणाला गोंगाटावरून बोलावं, हाही प्रश्न आहेच.

मला खुपलं ते वेगळंच. शास्त्रीय संगीत एका टोकाला आणि मेटलचा 'फुटका' आवाज दुसऱ्या टोकाला, हे त्या संदेशाने गृहीत धरलं होतं. भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर हे दोघे सख्खे शेजारी आहेत.

फुटका हा शब्द मात्र अगदी बरोबर आहे. या आवाजाची सुरुवात खरोखरच मोडक्या सामानातून झाली. लिंक रे या अमेरिकन गिटारवादकाने १९५८ च्या सुमारास गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पच्या स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोकं पाडली. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतल्याच नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत (नाशिकशी संबंध फक्त आद्याक्षरांचा) ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रणेतला एक भाग बिघडला आणि बास गिटार गुरगुरायला लागली. तो बिघाड ऐकणाऱ्यांना इतका आवडला की १९६२ साली तसाच आवाज काढणारी, पायाने दाबायची पेटी बाजारात आली. आज तळमजल्यावर जी आहे ती तिचीच पणती.

ही पेटी करते काय? गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती आठवा. पावसाळ्यात पुराचं माप आपण त्याच्यावरून सांगतो: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पण मारुती एकदा पूर्ण बुडाला की पाणी त्याच्यावर दोन फूट आहे की सहा फूट, हे तो सांगू शकत नाही. उत्तर एकच: बुडाला. अ‍ॅम्पचंही तसंच. गिटारच्या तारेकडून आलेली विजेची लहर एका मर्यादेपर्यंतच मोठी होते. त्यापुढचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. पूर ओसरू लागला तरी पाणी डोक्याच्या वर असेपर्यंत मारुती 'बुडालेला'च राहतो. तशीच तार क्षीण होत गेली तरी कापलेल्या लहरीची उंची बराच वेळ तेवढीच राहते. म्हणून मेटल गिटारचा सूर विझत नाही, लांबतो.

हा लांबलेला सूर नुसताच लांब नसतो, त्याचा पोतही बदलतो. कोणतीही तार तिच्या मूळ वारंवारतेबरोबर (म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांबरोबर) दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे बारीक सूरही काढते. त्यांना हार्मोनिक म्हणतात. माथे सपाट झाले की हे वरचे हार्मोनिक फुगतात. वरून-खालून सारखी कापलेली पूर्ण चौकोनी लहर घेतली तर तीत पहिला, तिसरा, पाचवा असे विषम हार्मोनिक एक, एक तृतीयांश, एक पंचमांश या प्रमाणात असतात. व्हायोलिनच्या गजाखाली तार चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. तिची लहर करवतीच्या दात्यांसारखी होते आणि त्यात सगळेच हार्मोनिक त्याच घटत्या प्रमाणात असतात. छेडलेल्या साध्या गिटारपेक्षा फुटकी गिटार गजाच्या वाद्याला जवळची वाटते, त्यामागे हे कारण आहे. व्हायोलिनवादक पॅगानिनीच्या वेगाने वेडा झालेला स्वीडनचा गिटारवादक यंगवी मालमस्टीन १९८४ साली व्हायोलिनच्या ताना गिटारवर घेऊन आला. आपल्याकडे 'कीरवाणी' म्हणतात त्या स्वरांत त्या ताना पळतात. साध्या गिटारवर त्या टिकटिकल्या असत्या. फुटक्या आवाजाने त्यांना गज दिला.

(पॅगानिनीलाही लोक सैतानाचा हस्तक म्हणत. १८४० साली तो वारला तेव्हा चर्चने त्याला पवित्र भूमीत पुरू दिलं नाही. मेटलवाल्यांवर होणारे आरोप इतके जुने आहेत.)

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. वही-पेन्सिल घेतलीत तर बरं.

मेटलचा कणा म्हणजे पॉवर कॉर्ड. नावात दोन इंग्रजी शब्द असले तरी ऐवज अस्सल देशी: एकत्र वाजवलेले सा आणि प. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ८२.४ कंपनं होतात. तिला सा म्हणू. पंचम तिच्या दीडपट, म्हणजे १२३.६. स्वच्छ अ‍ॅम्पमधून हे दोन सूर गेले तर एकमेकांना न ओळखता शेजारून निघून जातात. माथे कापणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये मात्र गर्दी होते. एका सुराने लहर मर्यादेला नेली की दुसऱ्याला उरलेल्या जागेत बसावं लागतं. म्हणजे एक सूर दुसऱ्याचा आकार बदलतो. गणिताच्या भाषेत दोन लहरींचा गुणाकार होतो, आणि दोन कोसाइनच्या गुणाकाराचं काय होतं ते अकरावीत आपण घोकलेलं आहे: बेरजेचा कोसाइन अधिक वजाबाकीचा कोसाइन, त्याचं निम्मं. परीक्षेनंतर हे सूत्र कशाला लागेल, असं तेव्हा वाटलं होतं. ते इथे लागतं.

वजाबाकी करू. १२३.६ वजा ८२.४ म्हणजे ४१.२. हा सा च्या बरोबर निम्मा, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो कोणत्याही तारेवर वाजलेला नाही, तरी अ‍ॅम्पमधून निघतो. दोनच तारांतून येणारा आवाज छातीवर का बसतो, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. पुढच्या पायरीचा गुणाकार घ्या: दोन सा वजा एक प, म्हणजे १६४.८ वजा १२३.६. पुन्हा ४१.२.

आता बेरीज. ८२.४ अधिक १२३.६ म्हणजे २०६. हा ४१.२ च्या पाचपट. चौपट म्हणजे १६४.८ हा सा, आणि चारास पाच हे प्रमाण म्हणजे शुद्ध गंधार. लहर वरून एक आणि खालून वेगळी, अशी असमान कापली गेली की हा गंधार उमटतो, आणि बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये ती तशीच कापली जाते.

इथे तानपुरा जुळवणाऱ्या वाचकाचे कान टवकारले असतील. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात तारा असतात प, सा, सा आणि खर्जाचा सा. गंधाराची तारच नाही, तरी गंधार बोलतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तो येतो खर्जाच्या तारेच्या पाचव्या हार्मोनिकमधून, आणि त्याला मोठं करते जवारी, म्हणजे घोडीची खास घासलेली पाठ. तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, रुंद आणि किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार तिच्यावर टेकत-सुटत सरपटते आणि दर हेलकाव्याला तारेची मोकळी लांबी बदलते. खालचा सुताचा धागा ही जागा नेमकी धरतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवलं की अशा घोडीच्या वाद्यात, नेहमीच्या नियमाने जे हार्मोनिक उमटायलाच नकोत, तेही खणखणीत वाजतात. घोडीवर तार घासते आणि अ‍ॅम्पमध्ये लहर कापली जाते. एकीकडे लाकूड-हाड, दुसरीकडे वीज, पण दोन्हीकडे कारण एकच: 'जितकं घालावं तितकंच बाहेर येतं' हा सरळ नियम मोडलेला आहे. मिरजेचा कारागीर जवारी काढताना कानस चालवतो, मेटलवाला आवाज फोडण्याची, म्हणजे डिस्टॉर्शनची, कळ पिळतो. दोघंही सरळ नियम किती मोडायचा तेच ठरवत असतात.

मग दोनांऐवजी तीन सुरांचा भरगच्च कॉर्ड मेटलवाले कमी का वापरतात? कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले आहेत. त्या वाटणीत पंचम जवळजवळ अचूक येतो, पण गंधार चांगलाच चढा. आकडे पाहा: १६४.८१ चा सा आणि गिटारचा गंधार २०७.६५. सा चा पाचवा हार्मोनिक ८२४.०५, गंधाराचा चौथा ८३०.६. हे दोघे सेकंदाला साडेसहा वेळा भांडतात. साध्या गिटारवर ते फारसं ऐकू येत नाही. डिस्टॉर्शनने हार्मोनिक फुगवले की कॉर्डचा चिखल होतो. म्हणून मेटल खाली सा-प धरून वर एकेका सुराची ओळ चालवतं. तानपुरा आणि वर गायक, ही मांडणी कोणी कोणाकडून उचललेली नाही. गणिताने दोघांना तिथे आणून ठेवलं आहे.

तीव्र मध्यमाबद्दल एक वाक्य आवरत नाही. सा आणि तीव्र मध्यम हे अंतर म्हणजे युरोपातला 'सैतानाचा स्वर', चर्चने त्यावर बंदी घातली होती, वगैरे कथा मेटलच्या चाहत्यांना फार प्रिय. अशा बंदीचा पुरावा नाही. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात शाळकरी पोरं शिकतात, आणि सैतान अजून तरी कोणाच्या क्लासला आलेला नाही. ४३२ हर्ट्झला सूर लावला की आजार बरे होतात, हेही त्याच पोत्यातलं.

आणि फ्यूजन? मेटलच्या रिफवर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या धुनेवर) चार मात्रा सतारीच्या चिकटवल्या की झालं, असं मानणाऱ्यांबद्दल मला प्रेम नाही. मालमस्टीनने गिटारच्या दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून काढलं, म्हणजे बोट तार दाबतं तेव्हा खाली लाकूड लागत नाही आणि सूर ओढता येतो. वीणेचे मेणात बसवलेले उंच पडदे आणि सतारीचे बाकदार पडदे हेच काम करतात. भेट अशा ठिकाणी होते.

आमच्या इमारतीतली भेट मात्र तक्रारीतून झाली. काकू खाली भांडायला गेल्या आणि मी मध्यस्थ म्हणून मागे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी अखेरची वर्षं ज्या नाशकात रामनामात घालवली, तिथे हे काय, अशी सुरुवात झाली. मी मुलाला म्हटलं, फक्त सा-प धर, लांब. त्याने धरलं. माझ्या फोनवरच्या वारंवारतेच्या आलेखात २०६ पाशी टेकाड दिसलं. ४१ चं काही दिसलं नाही, कारण त्याचा छोटा स्पीकर इतका खाली जातच नाही. मी आलेख दाखवायला वळेपर्यंत काकू म्हणाल्या, "गंधार बोलतोय की रे!"

मग लगेच, "पण पंचम उतरलाय."

मुलाने ट्यूनर, म्हणजे सूर जुळलाय का ते दिव्याने दाखवणारं यंत्र, लावला. हिरवा दिवा. "काकू, बरोबर आहे बघा."

"दिवा काय सांगतो ते नको सांगू. हलतोय तो."

हलत होता. गिटारचा पंचम १२३.६ नसून १२३.४७ असतो, समान वाटणीत तो शुद्ध पंचमापेक्षा बारीकसा उतरतो. सा चा तिसरा हार्मोनिक २४७.२३, प चा दुसरा २४६.९४. फरक ०.२९, म्हणजे साडेतीन सेकंदांत एक संथ हेलकावा. सूर लांबल्यामुळेच तो ऐकू येण्याइतका वेळ मिळाला होता. काकूंनी खुंटी थोडीशी वर घ्यायला लावली. हेलकावा थांबला, खोलीतला आवाज एकदम स्थिरावला आणि ट्यूनरचा दिवा लाल झाला.

"आता बाकीचे सगळे कॉर्ड बेसूर वाजतील," मुलगा म्हणाला.

"मग बाकीचे वाजवू नकोस," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या.