स्कॉर्पिओ सीझन, टॅरोचे पत्ते आणि नाथांचा जोशी

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या लिहिणाऱ्या दोस्तांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला, "स्कॉर्पिओ सीझन लागला, पत्ते काढायचे का?" (म्हणजे पाश्चात्त्य हिशोबानं सूर्य वृश्चिकेत आला.) मग छत्रपती संभाजीनगरात एका मैत्रिणीच्या गच्चीवर पाच-सहा जण जमतात, टॅरोचा, म्हणजे हल्ली भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, एक डेक, थर्मासभर चहा, प्रत्येकानं डोळे मिटून एक पत्ता ओढायचा आणि अर्ध्या तासात त्यावर जे सुचेल ते लिहायचं, कविता म्हणा, गोष्ट म्हणा, नुसत्या चार ओळी म्हणा. लग्न कधी, नोकरी कधी असलं कोणी विचारत नाही. तरी बोलणी खावी लागतातच. घरचे म्हणतात हे कुठलं इंग्रजी खूळ, आणि विज्ञानवाले दोस्त म्हणतात एवढे शिकलात अन् राशी कशाला बघायलेत. म्हणलं ह्याच्या मागं काय काय झालंय ते एकदा बघूनच घ्यावं, आणि बघितल्यावर कळलं की दोन्ही पार्ट्यांचं थोडं थोडं चुकतंय.

पहिली गोष्ट, टॅरो हा मुळात पत्त्यांचा डाव. उत्तर इटलीत साधारण 1440 च्या आसपास तो खेळला जायला लागला, मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांनी सोन्याचा वर्ख लावून रंगवून घेतलेले पत्ते आजही म्युझियममध्ये आहेत. साधे पत्ते त्याआधीच, चौदाव्या शतकात, इजिप्तच्या मामलुकांकडून युरोपात गेलेले. त्यात एक रंग पोलोच्या काठ्यांचा होता, पण तिकडं तेव्हा पोलो कोणाला माहीत नव्हता म्हणून त्या काठ्यांच्या नुसत्या दांडक्या झाल्या, आजच्या टॅरोतल्या कांड्या त्याच. ह्या चार रंगांच्या 56 पत्त्यांना 22 चित्रांचे पत्ते जोडले, झाले 78. ते 22 म्हणजे कायमचे हुकूम, बाकी कुठल्याही पत्त्याला मारणारे. जवळजवळ साडेतीनशे वर्षं लोक ह्यावर मुख्यतः डाव मांडून बसायचे, बस्स.

भविष्य त्यात घुसलं ते पॅरिसमध्ये. 1781 साली आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या गृहस्थानं छापून टाकलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. पुरावा काही नाही. पण इजिप्तची चित्रलिपी वाचायची किल्ली शाँपोलियो ह्या फ्रेंच अभ्यासकाला सापडली 1822 मध्ये, म्हणजे तोपर्यंत चाळीस वर्षं ह्याला खोटं पाडणारं कोणी नव्हतंच. चारच वर्षांत एतेया नावाच्या दुसऱ्यानं पत्त्यांवरून भविष्य कसं सांगायचं त्याचं पुस्तक काढलं आणि धंदा सुरू झाला. त्यामुळं "हजारो वर्षांची प्राचीन विद्या" असं कोणी रीलवर सांगायला लागलं की मला हसू येतं, आमच्या गावातले काही वाडे त्याहून जुने आहेत.

राशींशी जोडणी तर आणखी अलीकडची. लंडनमध्ये 1888 ला गोल्डन डॉन नावाची एक गूढविद्यावाल्यांची मंडळी सुरू झाली, त्यांनी एकेका राशीला एकेक पत्ता वाटून दिला, मेषेला सम्राट, सिंहेला सिंहाचा जबडा धरणारी बाई, कन्येला कंदीलवाला एकांतवासी, वृश्चिकेला मृत्यू. आज "अमुक सीझनचा पत्ता" म्हणून जे फिरतं ते बरंचसं इथून आलंय.

आणि ह्याच मंडळीतली एक चित्रकार, पामेला कोलमन स्मिथ. हिच्यावर जरा थांबतो, कारण सुचण्याबिचण्याच्या दृष्टीनं खरी कमाल हिची. 1909 मध्ये गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर वेट ह्यांच्या सांगण्यावरून तिनं अख्ख्या 78 पत्त्यांची चित्रं काढली. तोपर्यंत छोट्या पत्त्यांवर बहुतेक वेळा नुसते पाच पेले, सात तलवारी एवढंच असायचं, आपल्या बदाम पंजीसारखं. हिनं प्रत्येकावर माणसं घातली, प्रसंग घातले. पाच पेल्यांच्या पत्त्यात काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडं मान खाली घालून बघतोय, मागं दोन पेले शाबूत उभे आहेत, ते त्याला दिसत नाहीत, लांब नदी, पूल, पलीकडं घर. आता ह्यावर कोणाला गोष्ट सुचणार नाही? बाई नाटकवाल्यांच्या संगतीत वावरलेली, त्यामुळं प्रत्येक पत्ता म्हणजे रंगमंचावरचा एक प्रवेश वाटतो. काम संपल्यावर तिनं एका ओळखीच्याला पत्रात कळवलं की मोठं काम उरकलंय, पैसे मात्र फार थोडे. 1951 ला वारली तेव्हा कर्जात होती आणि पत्त्यांना नाव मिळालं ते प्रकाशक रायडर आणि वेट ह्यांचं, हिचं नाव लोक आत्ता आत्ता जोडायलेत. मुखपृष्ठं काढून देणारे आमचे चित्रकार दोस्त हे ऐकून काही बोलत नाहीत, नुसतं एकमेकांकडं बघतात.

आता राशींकडं. "सीझन" ह्या शब्दावरून अंबाजोगाईचे आमचे काका दरवर्षी माझी फिरकी घेतात, हातात दाते पंचांग, म्हणतात, "अरे कुठला वृश्चिक, सूर्य अजून तुळेतच आहे." आणि त्यांच्या हिशोबानं त्यांचं बरोबर असतं. पाश्चात्त्य पद्धतीत राशी ऋतूंना धरून मोजतात, त्यात सूर्य 23 ऑक्टोबरच्या आसपास वृश्चिकेत जातो, आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजणाऱ्या, पंचांगात 16 नोव्हेंबरच्या सुमारास. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळू डुलतो, साधारण 72 वर्षांत एक अंश, तो फरक साठत साठत आज 24 अंशांवर आलाय. म्हणूनच मकर संक्रांत आपल्याकडं जानेवारीच्या मध्यात आणि त्यांचा कॅप्रिकॉर्न डिसेंबरातच सुरू. शिवाय आपण रास म्हणतो ती चंद्राची. जन्मतारखेवरून सूर्याची रास सांगायचं वेड पसरवलं वर्तमानपत्रांनी, 1930 साली लंडनच्या संडे एक्स्प्रेसमध्ये नेलर ह्या ज्योतिष्यानं नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटचं भविष्य लिहिलं, ते लोकांना इतकं आवडलं की पुढं बारा राशींचं सदरच झालं.

मग राशी तरी पक्क्या आपल्या का? तर तसंही नाही. बारा समान भागांचं राशिचक्र बाबिलोनचं, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं, तिथून ग्रीकांकडं आणि ग्रीकांकडून आपल्याकडं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात राशींची क्रिय, ताबुरि, जितुम अशी नावं येतात, ती सरळ सरळ ग्रीक आहेत. कुंडलीतलं "केंद्र" ग्रीक. "होरा", म्हणजे ज्योतिष्याचं भाकीत, हा शब्द पण ग्रीक. नक्षत्रं मात्र आपल्याकडं राशींच्या कितीतरी आधीपासूनची, वैदिक काळातली.

आणि नक्षत्रांवरूनच मराठवाड्यातल्या माणसाला खरं काहीतरी सुचतं, कारण त्यावर आमचा पाऊस मोजला जातो. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. मघा लागल्या की आमची आजी चारचौघात बिनधास्त म्हणायची, पडल्या मघा तर चुलीपुढं हगा, म्हणजे इतका पडतो की घराबाहेर पाय टाकता येत नाही. त्यात प्रत्येक नक्षत्राला वाहन. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकी उरेल तसं घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि बाकी शून्य आली तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती निघाले की पाऊस बरा समजायचा. पावसाला हे गणित कोणी कळवत नाही ते सोडा, दुष्काळाची किती तरी वर्षं चांगल्या वाहनावर बसून आलीत. पण उंदरावर बसून येणारा पाऊस! पामेलाबाईंना मिळायला पाहिजे होता हा विषय.

पण ह्या सगळ्या शोधाशोधीत माझ्या हाताला लागलेलं सगळ्यात भारी प्रकरण पैठणचं आहे. कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगणारा जोशी आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत आला, माझ्या लहानपणीही यायचा, आई पसाभर ज्वारी घालायची. सोळाव्या शतकात एकनाथांनी ह्याच माणसाची बोली उचलली आणि भारूड रचलं, त्यातला जोशी दादांनो होरा ऐका म्हणत येतो. आणि सांगतो काय? तर देहगावच्या मनाजी पाटलावर विश्वास ठेवू नका, घात करील. देहगाव म्हणजे हा देह, मनाजी म्हणजे आपलं मन. वासना म्हणजे भांडकुदळ शेजारीण. म्हणजे नाथांनी भविष्याची नुसती चाल घेतली, तो सूर, ती धमकी, ते "सांभाळून राहा", आणि आत स्वतःचं भरलं. आम्ही गच्चीवर पत्त्यांचं जे करतो ते ह्याहून वेगळं काय आहे, फक्त आमचं तितकं चांगलं होत नाही. आणि बघा, बाबिलोनहून निघालेल्या राशी ग्रीकांच्या हातून इकडं येतात, त्यांच्यासोबत आलेला ग्रीकांचा "होरा" गोदावरीकाठी कुडमुड्या जोशाच्या तोंडी जाऊन बसतो, आणि लोक म्हणतात टॅरो परका.

चित्र दाखवून गोष्ट सांगायची म्हणाल तर तेही इथलंच. चित्रकथीची सुटी चित्रं, पाठीला पाठ चिकटवलेली, कथेकरी एकेक समोर धरून रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगायचा, त्यातली एक शैली पैठणच्याच नावानं ओळखली जाते. आणि हातानं रंगवलेले गंजिफाचे गोल पत्ते सावंतवाडीचे सगळ्यांना माहीत असतात, पण नांदेडच्या पलीकडं निर्मलमध्येही ते व्हायचे.

मागच्या वेळी एका दोस्ताला मनोऱ्याचा पत्ता आला. वीज पडलेली, वरचा मुकुट उडालेला, दोन माणसं डोकं खाली करून पडतायत. हा औसा तालुक्यातला. बराच वेळ काही लिहीना, चहा गार झाला. मग लिहिलं ते किल्लारीच्या भूकंपाचं, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला थोडा वेळ कमी, आदल्या दिवशी गणपती बोळवून थकून झोपलेली गावं, दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाची माती. त्याचा जन्म नंतरचा, सगळं आजीकडून ऐकलेलं. त्याच्या लिहिण्यात आजी फक्त एवढंच विचारते की माळवदावर वाळत घातलेल्या शेंगा कुठं गेल्या. वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. पत्ता परत गड्डीत घालायला पण कोणी हात पुढं केला नाही.

यंदा ठरलंय की बाहेरचा डेक बाजूला ठेवायचा आणि नऊ वाहनांचे आपलेच पत्ते करायचे, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातून हातकागद आणलाय. मोर आणि हत्तीला लगेच गिऱ्हाईक मिळालं, मला उंदीर आलाय, आणि गाढव कोण काढणार ह्यावरून आठवडाभर ग्रुपवर भांडण चालू आहे.