गोंधळात तास गेला म्हणून मंत्री सुटत नाहीत

लोकसभेत घोषणाबाजी झाली, कामकाज तहकूब झालं, की लगेच ऐकू येतं: ‘प्रश्नोत्तराचा तास वाया गेला, मंत्री उत्तर द्यायचे वाचले.’ हे खरं नाही.

एका दिवसाच्या यादीत २० तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकितांची उत्तरं लेखीच असतात. तारांकितांपैकी ज्यांची तोंडी उत्तरं राहिली, त्यांचीही लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवलेली धरली जातात आणि लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. शांततेतही वीसच्या वीस प्रश्न तोंडी क्वचितच होतात.

बुडतात ते पुरवणी प्रश्न, म्हणजे तोंडी उत्तरावर खासदार लगेच विचारतात ते उपप्रश्न, आणि माझ्या मते तेच मोठं नुकसान. लेखी उत्तर मंत्रालयातले अधिकारी निवांत तयार करतात. पुरवणी प्रश्नाला मंत्र्यांना उभं राहून तिथल्या तिथे बोलावं लागतं.

लेखी उत्तरातलं एक वाक्य मात्र नीट पाहा: ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल.’ ही पळवाट वाटते, पण नोंद आश्वासन म्हणून होते. ते साधारणपणे तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.