ऐंशी हजारांची शेगडी: गेमिंग लॅपटॉप घेण्याआधी वॅट विचारा

गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याचा नागपूरहून फोन आला. इंजिनिअरिंगला ॲडमिशन झाली होती, घरून ८०-८५ हजार मंजूर झाले होते (त्यातले पाच आजीचे, ते तिला कळू द्यायचे नाहीत की गेमसाठी आहेत) आणि दोन लॅपटॉपवर गाडी येऊन अडली होती. "मामा, दोन्हीत आरटीएक्स ४०५० आहे, दोन्हीत १६ जीबी रॅम, स्क्रीन पण दोन्हीची १४४ हर्ट्झ. मग त्या जाड्याला आठ हजार जास्तीचे काहून द्यायचे?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि त्याचं उत्तर लॅपटॉपच्या पुढ्यात चिकटवलेल्या त्या चकचकीत स्टिकरवर कुठेच लिहिलेलं नसतं. उत्तर आहे वॅट.

आरटीएक्स ४०५० हे ग्राफिक्स चिपचं, म्हणजे गेमची चित्रं काढणाऱ्या चिपचं नाव. ते सारखं असलं तरी ती चिप किती वीज खाणार हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. एनव्हिडियाच्या लॅपटॉपवाल्या ४०५० आणि ४०६० या दोन्ही चिपसाठी अधिकृत रेंज आहे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत. म्हणजे एकाच नावाखाली तिपटीपेक्षा जास्त फरक! चिप तीच, कोअर (आतले हिशोब करणारे छोटे भाग) तेवढेच, पण एकीला पोटभर जेवण आणि दुसरीला उपास. पूर्वी कमी विजेच्या चिपच्या नावापुढे 'मॅक्स-क्यू' असं शेपूट असायचं, त्यामुळे निदान कळायचं तरी. २०२१ मध्ये ३० सिरीज आली तेव्हा ते शेपूट नावातून गेलं, आणि तेव्हापासून हा आकडा कंपनीच्या वेबसाइटवर खाली बारीक अक्षरात शोधावा लागतो, 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' किंवा 'टीजीपी' अशा नावाने. डेस्कटॉपच्या नावाशी तर तुलना करूच नका. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोअर आणि १२ जीबी मेमरी, लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी. नाव मात्र तेच, मला विचाराल तर ही सरळ सरळ गल्लत आहे.

आता वॅट जास्त म्हणजे स्पीड त्याच प्रमाणात जास्त, असंही नाही हं. चिपमधले अब्जावधी ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असतात आणि दर वेळी थोडी थोडी वीज खर्च होते. हा खर्च फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे चालू-बंद होण्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, ते ठीक आहे, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि गोची अशी की जास्त वेगाने पळवायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा दोन्ही १०-१० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३. वेग वाढला दहा टक्के, खर्च वाढला तेहेतीस टक्के. म्हणून ४० वॅटवरून ८० वर गेलात तर फरक डोळ्यांना दिसतो, पण १०० वरून ११५ वर गेलात तर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांत, म्हणजे फ्रेममध्ये, चार-दोनची भर पडेल आणि पंखा मात्र विमानासारखा ओरडेल. बजेटमध्ये घेताना ७५-८० वॅटच्या वर असलं की मी तरी समाधानी असतो, ४५-५० वॅटवाला असेल तर पैसे तसेच कमी व्हायला हवेत.

पण मग सगळ्याच कंपन्या भरपूर वॅट का देत नाहीत? कारण लॅपटॉपमध्ये जाणारी जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते. गेम चालू असताना ग्राफिक्स आणि प्रोसेसर मिळून १४०-१५० वॅट सहज होतात, म्हणजे जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवा, तसे दीड बल्ब एका पाटीएवढ्या जाडीच्या डब्यात चोवीस मिनिटं नाही तर चार-चार तास पेटवून ठेवायचे आणि डबा वितळू द्यायचा नाही. जास्तीचे आठ हजार जातात ते मुख्यतः हे साधण्यात, तांब्यात आणि पंख्यात.

ते साधतं कसं हे मला या सगळ्यातलं सगळ्यात भारी प्रकरण वाटतं. लॅपटॉप उघडला की चिपवरून पंख्यापर्यंत गेलेल्या चपट्या तांब्याच्या पट्ट्या दिसतात, बहुतेकांना वाटतं ते भरीव तांबं आहे. नाही, त्या पोकळ नळ्या आहेत, हीट पाइप. आतली हवा काढून घेतलेली असते आणि थोडंसंच पाणी टाकलेलं असतं, अगदी थोडं. हवा नसल्यामुळे दाब कमी, आणि दाब कमी म्हणून ते पाणी १०० अंशांची वाट न बघता खूप कमी तापमानालाच उकळतं. चिपच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती वाफ पंख्याकडच्या गार टोकाला पळते, तिथे परत पाणी होते आणि नळीच्या आतल्या बारीक जाळीतून ते पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आपोआप चिपकडे परत येतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २२५० ज्यूल उष्णता लागते, त्यामुळे एवढुश्या पाण्यात प्रचंड उष्णता वाहून नेता येते. माठातलं पाणी गार राहतं, विदर्भातला खस लावलेला कूलर खोली गार करतो, तीच युक्ती, फक्त इथे पाणी उडून न जाता गोल गोल फिरत राहतं. म्हणून रिव्ह्यूमध्ये कोणी लॅपटॉप उघडून दाखवला असेल तर हीट पाइप किती आहेत, पंखे दोन आहेत ना, हवा बाहेर टाकायच्या जाळ्या किती बाजूंना आहेत हे बघा, आरजीबी लाइटचे रंग नंतर बघा.

पुढचा टप्पा हवेचा. १५० वॅट उष्णता घेऊन जाणारी हवा जर २० अंशांनी तापून बाहेर पडत असेल तर हिशोब करून बघा, दर सेकंदाला सहा-सात लिटर हवा आत ओढावी लागते. सेकंदाला! ही हवा बहुतेक लॅपटॉप खालच्या बाजूने घेतात, आणि आपण तो ठेवतो कुठे, तर गादीवर. पंखा वाढवून भागेल असंही नाही, कारण पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते पण पंख्याला लागणारी ताकद आठपट होते, आणि आवाजाचं तर विचारूच नका. बाजारातल्या निळ्या लाइटवाल्या कूलिंग पॅडपेक्षा मागच्या दोन पायांखाली दोन खोडरबर ठेवले तरी बरंच काम होतं, वर्षातून एकदा धूळ साफ करून घेतली तर अजून बरं.

आणि आता नागपूर. भाच्याला मी हे वेगळं समजावलं कारण इंटरनेटवरचे बहुतेक रिव्ह्यू एसीच्या खोलीत नाहीतर थंड देशांत झालेले असतात. न्यूटनचा थंड होण्याचा नियम कॉलेजात पाठ केलेला असतो: गरम वस्तूतून उष्णता किती वेगाने बाहेर जाणार हे वस्तू आणि आजूबाजूची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. लॅपटॉपची ग्राफिक्स चिप साधारण ८७ अंशांच्या आसपास गेली की स्वतःहून वेग कमी करते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. खोली २५ अंशांवर असेल तर फरक ६२ अंशांचा, मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ आणि खोलीत ४० असेल तर फरक उरतो ४७. म्हणजे तोच पंखा, त्याच नळ्या, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद जवळपास पाव हिश्श्याने कमी. रिव्ह्यूमध्ये १४० वॅट आरामात चालवणारा लॅपटॉप तुमच्याकडे मे महिन्यात १०५ च्या आसपास येऊन थांबणार. महाबळेश्वरला राहणाऱ्याने बारीक लॅपटॉप घेतला तर चालेल, अकोला-चंद्रपूरवाल्याने जाडाच घ्यावा, हे मी गमतीत बोलत नाहीये.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो, पण मेमरीवर जरा थांबायला हवं. ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी असते, व्हीरॅम, ४०५० मध्ये ती ६ जीबी आहे. ही म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समजा, आणि लॅपटॉपची नेहमीची रॅम म्हणजे आतल्या खोलीतलं फडताळ. ओट्यावर सामान असेल तर चिपला ते सेकंदाला १९२ जीबी या वेगाने मिळतं. गेमचं टेक्श्चर (भिंती, कपडे अशा वस्तूंवर चढवायची चित्रं) सहा जीबीत मावलं नाही की उरलेलं फडताळातून आणावं लागतं आणि तो रस्ता आहे सेकंदाला जेमतेम १६ जीबीचा, बारा पट हळू. तेव्हा सरासरी फ्रेम रेट चांगला दिसतो पण मध्येच खाडकन गेम अडकतो, नेमका समोरचा गोळी मारतो तेव्हाच. टेक्श्चर सेटिंग अल्ट्रावरून मीडियमवर आणलं की हा त्रास बराच जातो, पण पाच वर्षं वापरायचा विचार असेल तर ८ जीबीवाली चिप, म्हणजे ४०६० किंवा नवी ५०५०, बजेटमध्ये बसतेय का हे आधी बघावं. ४ जीबीवाली जुनी ३०५० आता नकोच.

नेहमीच्या रॅमबद्दल एवढंच की १६ जीबी एकाच पट्टीत आहे की ८-८ च्या दोन पट्ट्यांत ते विचारा. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते, डीडीआर५ ४८०० असेल तर एकीला सेकंदाला ३८.४ जीबी, दोघींना ७६.८. आणि 'आत्ता ८ जीबी घेतो नंतर वाढवू' हा जुना हिशोब राहिला नाही, २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला लागल्यावर रॅमचे भाव भलतेच चढलेत.

स्क्रीन: १४४ हर्ट्झ म्हणजे दर ६.९ मिलिसेकंदाला नवं चित्र, ६० हर्ट्झला तेच १६.७. व्हॅलोरंटसारख्या हलक्या, पटापट खेळायच्या गेममध्ये हा फरक हाताला जाणवतो. स्क्रीन किती रंग दाखवते ते सांगताना स्पेक्समध्ये '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर रंग धुऊन विटलेल्या कपड्यासारखे दिसणार, '१०० टक्के एसआरजीबी' शोधा. आणि या बजेटमध्ये १०८० पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) पुरे, २५६० बाय १६०० च्या स्क्रीनला जवळपास दुप्पट पिक्सेल रंगवावे लागतात, चिप बिचारी तीच असते. डीएलएसएस वापरून काम भागतं म्हणा, म्हणजे चित्र लहान काढायचं आणि मशीन लर्निंगने मोठं करायचं, १०८० पी ला क्वालिटी मोडमध्ये खरं चित्र ७२० पी चंच काढलेलं असतं.

बॅटरीवर गेम खेळायचं स्वप्न बघू नका. ६० वॅट-अवरची (म्हणजे ६० वॅट तासभर पुरवणारी) बॅटरी १४० वॅट खर्चाला पंचवीस मिनिटं पुरेल, तीही बॅटरीने एवढा करंट दिला तर. म्हणून चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच वॅट खाली आणतो. आणि विमानात १०० वॅट-अवरच्या वरची बॅटरी विशेष परवानगीशिवाय नेता येत नाही, त्यामुळे कंपन्या त्यापेक्षा मोठी बॅटरी बसवतच नाहीत.

भाचा दुकानात गेला आणि त्याने वॅट विचारले. दुकानदार म्हणाला, चार्जर २०० वॅटचा आहे. मग याने तिथेच डेमो पीसवर दोन्ही कंपन्यांच्या साइट उघडल्या: बारीकवाला निघाला ५० वॅटचा, जाडा ९५ चा. आजीचे पाच आणि माझे तीन असे आठ हजार घालून जाडा आला, २.४ किलोचा. पहिल्या आठवड्यात फोनवर तक्रार, "मामा, चार्जर विटेएवढा आहे, कॉलेजला कसा नेऊ?"

या मे महिन्यात ताईचा फोन. घरातला एकुलता एक कूलर हॉलमधून पोराच्या खोलीत गेलाय, त्याचं तोंड लॅपटॉपच्या टेबलाकडे आहे, आणि विचारलं तर तो न्यूटनचं नाव सांगतोय, हे तूच शिकवलंस ना त्याला?