अर्धा ग्रॅम दारू आणि दहा सेंटिमीटरची नळी

‘पाच गोळ्या जप्त’ असे वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा जप्त झालेली असतात ती बहुधा काडतुसे. गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा भाग असतो. तिच्यामागे पितळी पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर असतो. अमेरिकेत हे चारही भाग सुटे विकत मिळतात आणि वापरलेल्या पुंगळ्या घरच्या यंत्रावर पुन्हा भरणारे हौशी नेमबाज तेथे मोठ्या संख्येने आहेत. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. तरीही स्वसंरक्षणाच्या पिस्तुलासाठी कोणती दारू आणि कोणती गोळी निवडावी, या अमेरिकी प्रश्नात जे विज्ञान दडले आहे, ते समजून घेण्याजोगे आहे.

दारू म्हणजे येथे दिवाळीच्या फटाक्यातील काळी दारू नव्हे. पॉल व्हिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून जी धूरविरहित दारू तयार केली, तिचेच वंशज आजच्या काडतुसांत असतात. भिंगाखाली पाहिल्यास ग्रॅफाइटच्या लेपाने करड्या झालेल्या बारीक चकत्या किंवा चेपलेले गोल कण दिसतात. उघड्यावर पेटवली तर ही दारू पिवळ्या ज्योतीने भुरभुर जळून जाते, तिचा स्फोट होत नाही. बंद पुंगळीत मात्र वायू कोंडतो, दाब वाढतो, आणि दाब वाढला की दारूचा जळण्याचा वेगही वाढतो. या परस्परवाढीमुळेच दारूच्या मात्रेतील लहानशी चूकही फार मोठी ठरते.

कोणती दारू किती भराभर जळेल, हे बऱ्याच अंशी कणांच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. चुलीत ओंडका सावकाश जळतो आणि त्याच ओंडक्याच्या ढलप्या भडकन पेटतात, तोच हा न्याय. शिवाय कणांवर रासायनिक लेप देऊन सुरुवातीचे जळणे मंदावताही येते. रायफलीची लांब नळी मंद दारूला पुरेसा अवधी देते. पिस्तुलाच्या सुमारे दहा सेंटिमीटरच्या नळीत मात्र गोळी एक सहस्रांश सेकंददेखील राहत नाही. फार मंद दारूचा बराच भाग नळीच्या बाहेर जळतो, गोळीला त्याचा उपयोग होत नाही, आणि रात्रीच्या अंधारात नळीच्या तोंडाशी उठणारा झोत नेमबाजाचेच डोळे दिपवतो. याउलट फार शीघ्र दारू गोळी जेमतेम सरकते न सरकते तोच दाब शिखराला नेते. ९ मिलिमीटरच्या काडतुसासाठी अमेरिकी उद्योगसंस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा प्रति चौरस इंच ३५,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात साधारण ३३ पौंड हवा असते, म्हणजे हा दाब तिच्या सुमारे हजारपट झाला. तो पेलायचा तो हाताच्या पंजात धरलेल्या शस्त्राने.

शीघ्र दारूचा आणखी एक धोका मला जास्त गंभीर वाटतो. तिची मात्रा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असते आणि पुंगळीचा तळच काय तो भरतो. त्यामुळे चुकून दुप्पट मात्रा पडली, तरी वर गोळी निमूटपणे बसते. फुगीर कणांची दारू दुप्पट पडल्यास पुंगळीबाहेर सांडते आणि चूक तिथेच उघडी पडते. अनुभवी मंडळी याच कारणासाठी पुंगळी चांगली भरणारी दारू पसंत करतात.

आता गोळी. स्वसंरक्षणासाठी टोकाला खळगा असलेली गोळी वापरली जाते. शरीरातील पाणीदार ऊती त्या खळग्यात शिरतात, त्यांचा दाब गोळीच्या कडा बाहेर उलगडतो, आणि रुंदावलेली गोळी लवकर थांबते. ती आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याची शक्यता घटते. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पाण्याची घनता धरून हिशेब केला, तर सेकंदाला ३६० मीटर वेगाला तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ६४० पट भरतो आणि २५० मीटरला निम्म्याहून कमी उरतो. वेग कमी पडला तर खळगा उलगडतच नाही. फार जास्त झाला तर पाकळ्या लगेच मागे दुमडतात किंवा तुटतात आणि गोळी उथळच थांबते. म्हणून आधी गोळी निवडावी, तिच्या निर्मात्याने दिलेली वेगाची कक्षा पाहावी, आणि मग आपल्या नळीत तो वेग सुरक्षित दाबात देणारी दारू शोधावी. सर्वाधिक वेगामागे धावणे येथे चुकीचे आहे.

उथळ थांबण्याची किंमत अमेरिकेने ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत मोजली. एफबीआयच्या चकमकीत एका गुन्हेगाराच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मिलिमीटरची गोळी हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. तो लढत राहिला आणि दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर एफबीआयने थंड केलेल्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यावर चाचण्या घेऊन १२ ते १८ इंच खोली ही कसोटी ठरवली. ठोकळ्यापुढे जाड कापडही लावले जाते, कारण कापडाचे तंतू खळग्यात बोळ्यासारखे बसले की चांगली गोळीही मिटलेलीच राहते.

घरी काडतूस भरणाऱ्याकडे वेग मोजण्याचे साधन असते, दाब मोजण्याचे बहुधा नसते. म्हणून तो छापील तक्त्यांतील किमान मात्रेपासून सुरुवात करतो आणि घटकांची अदलाबदल टाळतो. जिवावर बेतेल तेव्हा वापरायचे काडतूस मात्र कारखान्याचेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे प्रत्येक खेपेतील नमुने दाब मोजणाऱ्या चाचणी-नळीत झाडून पाहिले जातात. आणि तयार काडतूसही एकदा तपासून संपत नाही. तेच काडतूस पिस्तुलात वारंवार चढवले-उतरवले की गोळी दर वेळी थोडी आत ढकलली जाऊ शकते; पुंगळीतील आधीच तोकडी जागा आणखी आक्रसते आणि दाब झपाट्याने वाढतो. असे काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभे धरले, तर त्याची घटलेली उंची नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येते.