आतड्याची लाली कोणी ठरवायची?

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या सेंटरमधून कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून बाहेर पडलं की हातात काही रंगीत फोटो येतात आणि खाली एक ओळ: ‘मेयो 1’. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याच्या आजाराचा पेशंट त्या आकड्यालाच धरून बसतो. मागच्या वेळी 2 होता, आता 1, म्हणजे गुण आला!

आकड्याची गरज कॅमेऱ्याच्या आधीची. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी 1955 मध्ये या आजारावर कॉर्टिझोन या स्टेरॉइडच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा सरळ, कडक नळीतून गुदाशय आणि पुढचा जेमतेम वीतभर भाग दिसायचा. त्यातही दोघांना एकच दिसेल याचा भरवसा नव्हता. 1964 मध्ये बॅरन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं: तेच आतडं बघून वेगवेगळे डॉक्टर काय लिहितात? लाली किती, यावर एकमत होईना, म्हणून त्यांची मोजपट्टी मग लालीपेक्षा रक्तस्रावावर उभी राहिली. मला हा टप्पा पुढच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठा वाटतो.

यंत्रं भराभर बदलली. मोग्यात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासोबत 1954 मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं, 1957 मध्ये हिर्शोविट्झ यांनी त्यावर लवचिक दुर्बीण आणली, 1983 मध्ये टोकाला इलेक्ट्रॉनिक चिप बसली. 1987 मध्ये मेयो क्लिनिकमधल्या मेसालामाइन या औषधाच्या चाचणीतून 0 ते 3 ची पायरी आली. तीच आपल्या रिपोर्टवरची.

लालीचं भांडण मात्र मिटलं नाही. 2012 च्या यूसीईआयएस या नव्या मोजपट्टीत रक्तवाहिन्यांची नक्षी, रक्तस्राव आणि व्रण एवढंच ठेवलं. लाली सरळ वगळली. नक्षीच महत्त्वाची, तर ती उठून दिसावी यासाठी नॅरो बँड इमेजिंग कामी येतं. फक्त 415 आणि 540 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश टाकतात. हिमोग्लोबिन तो शोषतं, वरच्या केशवाहिन्या तपकिरी आणि खालच्या शिरा निळसर-हिरव्या दिसतात. रिपोर्टात एखादा फोटो विचित्र रंगाचा असेल तर तो बहुधा हाच. कॅन्सरपूर्व बदल शोधायला मात्र रंग फवारण्याची जुनी पद्धत मागे पडलेली नाही. 2015 च्या सीनिक या तज्ज्ञगटाच्या शिफारशींनी साध्या प्रकाशापेक्षा तिलाच पसंती दिली. 2020 मध्ये जपानी गटाने संगणकाला फोटो शिकवून, आतड्याचा तुकडा (बायोप्सी) न काढताच सूक्ष्मदर्शकाखाली सूज दिसेल की नाही याचा अंदाज घेतला.

आपल्याकडे अजून एक पेच आहे, पाश्चात्त्य मोजपट्ट्यांत न बसणारा. लहान आतड्याच्या शेवटी व्रण दिसले तर तो क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) की टीबी? आडवे व्रण आणि लहान-मोठ्या आतड्यांमधली सताड उघडी राहिलेली झडप टीबीकडे झुकते, लांबट व्रण क्रोन्सकडे. पण फोटो कितीही स्वच्छ असला तरी ठाण्यातलाही डॉक्टर इथे तुकडा काढून जीनएक्स्पर्ट आणि कल्चर या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासण्यांना पाठवतो, कारण टीबी असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली तर टीबी उसळतो.