कोळंबीतलं प्रथिन बदलता येईल का? एका जुन्या खटपटीची पार्श्वभूमी

माझ्या आतेभावाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, चालत नाहीत. ‘चालत नाहीत’ हा आमच्या घरातला सौम्य शब्द. खाल्ली की पाच-दहा मिनिटांत ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, आणि एकदा तर घसाच आवळला म्हणून भर पावसात रात्री गाडी काढून इस्पितळ गाठावं लागलं होतं. तरीही तो गोव्यात फोंड्याला आमच्याकडे जेवायला आला की आई हुमणाच्या, म्हणजे नारळाच्या रश्श्याच्या, पातेल्यात डाव फिरवत म्हणणार, ‘‘सुंगटां काडल्यांत रे, हुमण घे.’’ तिच्या हिशेबी कोळंबी बाजूला काढली की दोष गेला. नसेल गेला तर आणखी एक कढ काढायचा.

आईला हसू नये. अ‍ॅलर्जी आणणाऱ्या प्रथिनाचं काहीतरी करून रूप पालटावं, म्हणजे शरीर त्याच्यावर उठणार नाही, ही कल्पना घेऊनच शास्त्रज्ञही शंभरेक वर्षं खटपट करत आहेत. कोणी शिजवून पाहिलं, कोणी पाचकद्रव्यांनी तुकडे केले, कोणी थेट जनुकात हात घातला. या खटपटीत मासे, कोळंबी, काजू आणि तांदूळ पुन्हापुन्हा येतात, म्हणजे जवळजवळ आपलं ताटच.

सुरुवात समुद्रातच झाली. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर निळे, फुग्यासारखे जीव वाहून येतात आणि जीवरक्षक लोकांना पाण्यात उतरू देत नाहीत. त्या जीवाचं शास्त्रीय नाव फिझालिया. १९०१ साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी फिझालियाच्या विषाचा अभ्यास हाती घेतला. पॅरिसला परतल्यावर फिझालिया मिळेना, म्हणून समुद्रफुलाचं विष घेऊन त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. थोडं थोडं विष देऊन कुत्र्याला त्याची सवय होईल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेनेही कुत्रा अर्ध्या तासाच्या आत मेला. या उलट्या प्रतिक्रियेला त्यांनी १९०२ मध्ये ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’ असं नाव दिलं आणि १९१३ मध्ये रिशेला नोबेल मिळालं. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाचा, १९०६ सालचा.

पण मला या इतिहासातला सर्वांत आवडता प्रयोग १९२१ चा, आणि तो माशाचा आहे. तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेसलाऊ शहरात हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला मासा खाल्ला की त्रास व्हायचा. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनिट्झ याने क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांधी उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातल्या कुठल्याशा पदार्थातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येत होती. यातली एक गोष्ट मात्र फार कोणी सांगत नाही. क्युस्टनरला शिजवलेला मासा बाधायचा, कच्चा नाही! शिजवल्याने दोष जातो या समजुतीला तिथेच तडा गेला होता.

तो पदार्थ सापडायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख, अशा दोन गटांनी १९६६-६७ च्या सुमारास आयजीई हे प्रतिपिंड, म्हणजे परक्या पदार्थाला पकडायला शरीराने बनवलेलं प्रथिन, ओळखलं. हे आयजीई शरीरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर काट्यासारखं उभं असतं. प्रथिनाच्या एकाच रेणूला शेजारशेजारच्या दोन आयजीईंनी दोन ठिकाणी पकडलं की पेशीतलं हिस्टामिन हे सूज-खाज आणणारं रसायन बाहेर सांडतं. नुसतं एका जागी पकडून भागत नाही. पुढची सगळी खटपट याच ‘दोन ठिकाणां’भोवती फिरते. पकडीच्या जागा मोडल्या की पेशी फुटणार नाही, असा तो सरळ हिशेब.

इथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवतो, कारण गोव्यात हा घोटाळा हमखास होतो. शिळा बांगडा खाऊन तोंड लाल होणं, अंग खाजणं, डोकं दुखणं ही बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते. बर्फाशिवाय पडून राहिलेल्या बांगड्यात जीवाणू हिस्टामिन आधीच तयार करून ठेवतात. मग पंगतीतल्या चौघांनाही एकदम त्रास होतो, आणि तळूनही ते हिस्टामिन जात नाही. त्यात दोष माशाच्या प्रथिनाचा नसतो, मासा विकणाऱ्याच्या बर्फाचा असतो.

आता कढाकडे येऊ. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती माळ दुमडून गुंडाळली गेली की तिला आकार येतो. काही वेळा आयजीई हा आकार ओळखतं, काही वेळा माळेतल्या मण्यांचा क्रम. आकार ओळखणारं असेल तर उष्णतेने आकार बिघडला की पकड सुटते. म्हणून अंडं किंवा दूध न चालणाऱ्या पुष्कळ मुलांना भट्टीत भाजलेल्या केकमधलं अंडं-दूध चालून जातं. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हे पद्धतशीर तपासून दाखवलं. अर्थात सगळ्यांना चालत नाही. अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन उष्णतेला शरण जातं, पण ओव्होम्यूकॉइड चिवट असतं. शेंगदाण्याची तर आणखीच गंमत. खरपूस भाजलेल्या दाण्याला आयजीई उकडलेल्या दाण्यापेक्षा जास्त चिकटतं, असं २००१ च्या अभ्यासात दिसलं.

माशातलं मुख्य प्रथिन पार्व्हाल्ब्युमिन. नॉर्वेत शेल ओस आणि सैद एल्सायद यांनी साठ-सत्तरच्या दशकांत कॉड माशातून ते वेगळं काढून त्याची माळ वाचली. अन्नातली अ‍ॅलर्जी इतक्या मुळापर्यंत जाऊन प्रथमच समजत होती. पार्व्हाल्ब्युमिन आतल्या आत कॅल्शियम धरून बसतं, त्यामुळे त्याचा आकार घट्ट राहतो आणि उकळूनही फारसा ढळत नाही.

आणि कोळंबी? १९८९ मध्ये आणि पुढे १९९३ मध्ये कोळंबीचा गुन्हेगार पकडणाऱ्यांत बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतला पी. व्ही. सुब्बाराव यांचा गट होता. त्यांनी घेतलेली कोळंबी पिनियस इंडिकस, म्हणजे भारतीय पांढरी कोळंबी. आपल्या खाजनांतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतल्या, मानशींवर (पाणी सोडायच्या दारांवर) जाळ्यात येते त्याच कुळातली. अमेरिकेतल्या डीन मेटकाफ यांच्यासोबत के. एन. शांती आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की हे प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन, कोळंबीच्या स्नायूतलं एक नेहमीचं प्रथिन. त्याच्या दोन माळा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, काथ्याच्या सुंभासारख्या. उकळलं तर पीळ सुटतो, पण निवलं की पुन्हा बसतो. शिवाय आयजीई त्यातला मण्यांचा क्रमही ओळखतं, तो तर उष्णतेने हलतच नाही. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

आईच्या हुमणाचा निकालही याच प्रथिनाने लागतो. ट्रोपोमायोसिन पाण्यात उतरतं. कोळंबी काढली तरी रसात ते असतंच, कढाच्या वाफेतही असतं. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) करताना तव्यावर भाजल्याचा वास घरभर पसरतो, तेव्हा आतेभाऊ व्हरांड्यात जाऊन बसतो ते नखरे म्हणून नव्हे.

काजूचं प्रकरण आपल्याला आणखी जवळचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या या झाडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याच्या प्रथिनांना अ‍ॅना ओ १, २, ३ अशी नावं पडली. ती २००२ ते २००५ या काळात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात उलगडली गेली. त्या गटात केनेथ रू यांच्याबरोबर श्रीधर साठे हे आपल्या कानाला ओळखीचं नाव होतं. त्यांनी काजू भाजून, उकडून, दाबाखाली शिजवून, गॅमा किरणांखाली ठेवूनही पाहिला. प्रथिनं बऱ्यापैकी तशीच राहिली. (काजूगर सोलणाऱ्या बायकांचे हात काळे पडतात, सोलवटतात, तो मात्र टरफलातल्या तेलाचा प्रताप. त्याचा या प्रथिनांशी संबंध नाही.) पुढे २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी काजूचा अर्क सोडियम सल्फाइट घालून तापवला. प्रथिनाला आतून टाचणारे गंधकाचे टाके उसवले आणि आयजीईची पकड सैल झाली. छान. पण सल्फाइट हा पदार्थ काही लोकांना स्वतःच बाधतो, आणि आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ठरावीक प्रमाणापुढे तो पाकिटावर वेगळा जाहीर करावा लागतो. आगीतून फुफाट्यात!

अन्नच बदलून बाजारात आणायचं, हा एक रस्ता. अमेरिकेत १९४२ पासून दुधातल्या केसिनचे बारीक तुकडे केलेली भुकटी गाईचं दूध न सोसणाऱ्या बाळांसाठी मिळते, आणि तिने खरोखर काम केलं. जपानमध्ये १९९३ साली पाचकद्रव्याने ग्लोब्युलिन हे अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन मोडलेला तांदूळ बाजारात आला. आरोग्यासाठीच्या खास अन्नाचा सरकारी शिक्का तिथे पहिल्यांदा त्यालाच मिळाला. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या माणसाला तांदळाचीही अ‍ॅलर्जी असते हेच आधी पटत नाही. त्यानंतर तांदळातलं, सोयाबीनमधलं, सफरचंदातलं त्रासदायक प्रथिन जनुक गप्प करून कमी करण्याचे प्रयोग झाले. २०२३ मध्ये हिरोशिमा विद्यापीठाने तर ओव्होम्यूकॉइडच नसलेलं कोंबडीचं अंडं तयार करून दाखवलं.

पण जनुकाशी खेळताना हात भाजल्याची गोष्टही याच पानावर आहे. कोंबड्यांच्या खाद्यात मिथिओनिन हे अमिनो आम्ल वाढावं म्हणून एका अमेरिकन बियाणे कंपनीने ब्राझील नटचं एक जनुक सोयाबीनमध्ये घातलं. १९९६ मध्ये तपासणी झाली तेव्हा कळलं की त्या जनुकाबरोबर ब्राझील नटची अ‍ॅलर्जीही सोयाबीनमध्ये आली आहे. ते बियाणं बाजारात आलंच नाही. ते प्रथिन काजूतल्या अ‍ॅना ओ ३ च्याच कुटुंबातलं.

दुसरा रस्ता औषधाचा, आणि माझ्या मते खरी अक्कल इथे लागते. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क थोडा थोडा टोचून शरीराला सवय लावली. त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, आल्फ्रेड स्कोफिल्ड या इंग्लिश डॉक्टरने अंडं न सोसणाऱ्या एका मुलाला अंड्याच्या गोळ्या वाढत्या मात्रेने देऊन बरं केलं होतं. अडचण अशी की शिकवण्यासाठी द्यायचा तोच पदार्थ जीव घेऊ शकतो. मग प्रथिन असं बदलायचं की आयजीईला ते पकडता येऊ नये, पण शरीराला सहनशीलता शिकवणाऱ्या टी पेशींना त्याचे तुकडे ओळखू यावेत. कमी बदललं तर धोका राहतो, जास्त बदललं तर शिकवणीच होत नाही. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे.

परागांसाठी डेव्हिड मार्श यांनी १९७० मध्ये फॉर्मल्डिहाइडने प्रथिन बांधून टाकण्याची युक्ती काढली. अन्नासाठी जनुकातच मणी बदलण्याचा मार्ग आला. शेंगदाण्याच्या तीन प्रथिनांत आयजीई धरतं तेवढेच मणी बदलले, ती प्रथिनं जीवाणूंत बनवली, जीवाणू मारून ते शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांना गुदमार्गाने दिले. मग शेंगदाणा दिला तरी उंदीर बचावले. माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये आला: १० जणांपैकी ५ जणांना मात्रा पूर्ण करता आल्या नाहीत, आणि त्यांतल्या दोघांना अ‍ॅनाफिलॅक्सिस झाला. उंदराच्या अंगात आणि माणसाच्या अंगात केवढं अंतर असतं ते तिथे कळलं.

माशाचं काम जास्त जमलं. व्हिएन्नात इनेस स्वोबोडा आणि रुडॉल्फ व्हॅलेंटा यांच्या गटाने २००७ मध्ये कार्प माशाच्या पार्व्हाल्ब्युमिनमधल्या कॅल्शियम धरणाऱ्या दोन्ही जागा मोडल्या. कॅल्शियम सुटलं तसा आकारही ढासळला आणि आयजीईची पकड खूपच घटली. युरोपीय संघाच्या पैशावर त्याची लस माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेली. कोळंबीचंही बदललेलं ट्रोपोमायोसिन २००५ मध्ये तयार झालं, पुढे हाँगकाँगमध्येही. पण तिथे मोडायचा आकार नव्हता, पकडीच्या जागा एकेक करून बदलाव्या लागल्या. सुंभाचा पीळ इथेही आडवा आला.

निसर्गाने मात्र हे काम एका जागी आधीच करून ठेवलेलं दिसतं. पाकटासारख्या कूर्चेच्या माशांतलं पार्व्हाल्ब्युमिन वेगळ्या घडणीचं असतं. माशाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही रुग्णांना पाकट खाऊन त्रास झाला नाही, असं २०१९ च्या एका अभ्यासात आढळलं. ते डॉक्टरांच्या नजरेखाली झालं होतं. म्हापशाच्या बाजारातून पाकट आणून घरी करून बघायची ही गोष्ट नव्हे.

आतेभावाने परवा विचारलंच, ‘‘मग गोळी कधी?’’ अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळालेलं अन्नाच्या अ‍ॅलर्जीवरचं तोंडाने घ्यायचं औषध म्हणजे मोजूनमापून दिलेलं शेंगदाण्याचं साधं पीठ, एकही मणी न बदललेलं. स्कोफिल्डच्या अंड्याच्या गोळ्यांचंच नातवंड. फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळालेलं ओमालिझुमॅबचं इंजेक्शन तर अन्नाच्या वाटेला जातच नाही, ते रक्तातलं आयजीईच बांधून ठेवतं. बदललेल्या प्रथिनांची औषधं अजून चाचण्यांच्या वहीतच आहेत. मी त्याला एवढं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘म्हणजे आमची मजा चवथीलाच.’’ गणेशचतुर्थीच्या त्या दिवसांत घरात मासळी नसते, आणि खतखत्याच्या (मिश्र भाज्यांच्या) पातेल्यात डाव कुठला बुडवला हे त्याला कोणाला विचारावं लागत नाही.