सोलापूर कुठे संपतं?

जनगणनेच्या तक्त्यात सोलापूर शहराच्या नावापुढचे तीन आकडे एकाखाली एक मांडून पाहा. १९९१ साली ६,०४,२१५. २००१ साली सुमारे ८ लाख ७२ हजार. २०११ साली ९,५१,५५८. पहिल्या दहा वर्षांत शहर ४४ टक्क्यांनी वाढलं आणि पुढच्या दहा वर्षांत जेमतेम ९ टक्क्यांनी. नुसते आकडे पाहिले तर वाटेल, नव्वदच्या दशकात सोलापुरात माणसांची रीघ लागली होती आणि दोन हजार सालानंतर ती आटली. त्या काळात सोलापुरात राहिलेल्यांना मात्र वेगळंच आठवतं. लक्ष्मी-विष्णू गिरणी त्याच दशकात बंद पडली. हजारो घरांतला पगार थांबला. बाहेरची माणसं ओढून आणेल असं शहरात तेव्हा फारसं काही नव्हतं.

मग पावणेतीन लाख माणसं आली कुठून? ती आलीच नव्हती, बरीचशी तिथेच होती. १९९२ च्या मे महिन्यात महापालिकेची हद्दवाढ झाली. शहराचं क्षेत्रफळ सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८ चौरस किलोमीटरवर गेलं. भोवतालच्या गावांतली माणसं आपापल्या घरात झोपली ती गावकरी म्हणून आणि उठली ती शहरवासी म्हणून. सोलापूरकर अजूनही त्या पट्ट्याला ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात. तीस वर्षं उलटली तरी रस्ते, पाणी, ड्रेनेज यांबद्दल तक्रार करताना हा शब्द पहिला येतो.

याच हद्दवाढीमुळे दुसरा एक आकडाही पालटला. १९९१ ची लोकसंख्या जुन्या क्षेत्रफळाने भागली, तर एका चौरस किलोमीटरमध्ये १८ हजारांहून जास्त माणसं येतात. २००१ ची लोकसंख्या नव्या क्षेत्रफळाने भागली, तर पाच हजारांहून कमी. कागदावर दाटी चौपटीने कमी झाली. साखर पेठेतल्या किंवा जोडभावी पेठेतल्या बोळात मात्र एका खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि त्याच खोलीत सहा माणसांची झोप, हे होतं तसंच राहिलं. लोकसंख्येचा कुठलाही आकडा वाचताना आधी विचारावं की तो कोणत्या रेषेच्या आतला आहे. लोकसंख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हा प्रश्न पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहावा, इतका तो मला महत्त्वाचा वाटतो.

आता ९ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा जास्त बोलका आहे, कारण या दहा वर्षांत तुलना त्याच क्षेत्रफळाची आहे. लोकसंख्येचा जमाखर्च घरखर्चाच्या वहीइतका सोपा असतो. जन्म जमेला, मृत्यू खर्चाला. आत आलेले जमेला, बाहेर गेलेले खर्चाला. त्या दशकात महाराष्ट्राचा जन्मदर हजारी वीसच्या आसपास होता, तो उतरत उतरत सतराच्या घरात आला. मृत्युदर सहा-सात होता. म्हणजे नुसत्या जन्म-मृत्यूंच्या फरकाने वर्षाला एक टक्क्याहून थोडी जास्त, दहा वर्षांत साधारण १२ टक्के वाढ व्हायला हवी. सोलापूरला राज्याचेच दर लावले तर शहरात एक लाखावर माणसं वाढायला हवी होती. वाढली ७९ हजार. हिशेब ढोबळ आहे, पण पंचवीसेक हजारांची तूट दिसतेच. जेवढे आले त्यापेक्षा जास्त गेले.

कुठे गेले, याचं उत्तर सोलापुरात कुणीही एका शब्दात देईल: पुणे. सकाळच्या गाडीला इंजिनिअरिंग झालेल्या पोरांची गर्दी असते. जुळे सोलापूर या उपनगरात चांगली बांधलेली घरं आहेत आणि आत फक्त आईवडील. मुलगा हिंजवडीला, मुलगी पुढे आणखी कुठे. असं शहर वयाच्या आलेखात ओळखू येतं. लोकसंख्याशास्त्रात वयोगटांचा मनोरा काढतात, तळाला लहान मुलं आणि टोकाला म्हातारी माणसं. ज्या शहराकडे तरुण येतात त्याचा मनोरा कमरेपाशी, म्हणजे वीस ते पस्तीसच्या पट्ट्यात फुगतो. ज्या शहरातून ते जातात त्याची कंबर आत जाते. पुण्याची कंबर सुटते ती अशा अनेक शहरांच्या कमरेतून.

पण पुणे हे अर्धंच उत्तर आहे. दुसरं उत्तर शहरापासून फार लांब नाही. अक्कलकोट रस्त्याने बाहेर पडलं की कुंभारी लागतं. तिथे २००६ साली विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला कष्टकऱ्यांच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांचं नाव आहे. आडम मास्तर म्हणून ओळखले जाणारे कामगार नेते नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग लोकार्पणाला आले होते. आता हिशेब करा: एका घरात साडेचार माणसं धरली तरी पंचेचाळीस हजार होतात. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, महापालिकेच्या हद्दीबाहेर. शहराच्या पूर्व भागातल्या भाड्याच्या खोलीतून जे कुटुंब तिकडे राहायला गेलं, ते शहराच्या वहीतून वजा झालं आणि तालुक्याच्या वहीत जमा झालं. आपण शोधत होतो ती तूट केवढी होती? पंचवीस हजारांची.

म्हणजे ‘सोलापूर आटतंय’ हे वाक्य अर्धं खरं आहे. शिकलेली पोरं पुण्याला गेली, हे खरं. पण कष्टकऱ्यांचा एक मोठा हिस्सा गेला कुठेच नाही, फक्त रेषेपलीकडे झोपायला गेला.

या विडी कामगार बायकांचं काम जवळून पाहिलं तर शहराच्या लोकसंख्येबद्दल पुष्कळ कळतं. मांडीवर सूप. सुपात तंबाखू आणि ओलसर केलेली तेंदूची पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचं पान कापायचं, शिरा टाळून. चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी पान वळायचं, तोंड नखाने दुमडायचं आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. मजुरी हजार विड्यांवर ठरते. सराईत बाईचे हात हे करताना तिचं लक्ष दारात खेळणाऱ्या पोरावर असतं, तोंड शेजारणीशी तेलुगूत बोलत असतं. मग माल कारखान्याच्या शाखेत न्यायचा. तिथे तो पाहून, मोजून घेतात, खराब विड्या बाजूला काढतात आणि पुढच्या दिवसाची पानं-तंबाखू देतात. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलेल्या माणसाला मुख्य कामगार म्हणतात. दारात आलेल्या प्रगणकाने ‘काम काय करता?’ असं विचारलं आणि उत्तर नवऱ्याने दिलं, तर ते बहुतेक वेळा ‘ती घरीच असते’ असं येतं. घरात बसून रोज हजार विड्या वळणारी बाई मग तक्त्यात बिनकामाची ठरू शकते. म्हणून तर खोदून विचारा, असं प्रगणकांना मुद्दाम शिकवलं जातं.

आणि ती तेलुगूत का बोलते? तिचे पूर्वज तेलंगणातून आले म्हणून. रेल्वे सोलापूरला १८६० साली पोचली. १८७० च्या दशकात पहिली मोठी कापडगिरणी सुरू झाली. लोक तिला आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने हा सगळा मुलूख पिळून काढला होता. निजामाच्या राज्यातले पद्मशाली विणकर इथे आले, आपले हातमाग घेऊन किंवा गिरणीच्या आशेने. यांचं येणं मुंबईच्या गिरणगावासारखं नव्हतं. कोकणातला चाकरमानी एकटा मुंबईला जायचा, बायको-पोरं गावी ठेवायचा. २०११ सालीसुद्धा मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या. विणकर मात्र कुटुंब घेऊन आला, कारण माग एकट्याने चालत नाही. सूत उकलायला, कांड्या भरायला बायको लागते, पोरं लागतात. त्यामुळे सोलापूर बायकांचं प्रमाण मुंबईहून कितीतरी चांगलं असलेलं, पहिल्यापासून घरादारासकट वसलेलं शहर राहिलं. हातमागाचा पुढे यंत्रमाग झाला, चादर आणि टॉवेल जगभर गेले, चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या घरात पुरुष मागावर उभा राहिला, त्याच घरात बाई विड्या वळायला बसली. दोन्ही धंदे एकाच छपराखाली नांदले, कारण एकाच्या मजुरीत भागत नव्हतं.

तेलुगू हा शहराचा एक थर. त्याआधीचा थर कन्नड. बाळीवेशीतलं मल्लिकार्जुन मंदिर, बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आणि तिच्यातले मानाचे सात नंदीध्वज, हे सारं वीरशैव लिंगायत परंपरेतून आलेलं. या नंदीध्वजांच्या काठ्यांचे मान मात्र वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. विजापूर वेशीकडे उर्दू आणि दखनी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाची मिरवणूक, नवरात्रात पूर्व भागात फुलांची बतुकम्मा. आणखी एक थर आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं. त्या कुंपणातून माणसं गिरणीत कामाला जायची आणि हजेरीला परत यायची. १९५२ साली कायदा गेला, तार गेली. वस्तीला ‘सेटलमेंट’ हे नाव चिकटून राहिलं.

हे थर नुसते शेजारी राहिले असं नाही. पार्क चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही चार नावं सावकाश वाचावीत. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. सोलापूरच्या लोकसंख्येची रचना यापेक्षा मोजक्या शब्दांत मला कुठल्याच तक्त्यात सापडली नाही.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी जी भाषा बोलली ती. आई लवकर गेली असेल तर तेव्हा घरात बोलली जाणारी. ही व्याख्या विचार करून केलेली आहे, कारण माणूस शाळेत, बाजारात, नोकरीत भाषा बदलतो, आईची भाषा बदलत नाही. त्यापुढे आणखी दोनच भाषा नोंदवता येतात. पूर्व भागातल्या किराणा दुकानात अर्धा तास उभं राहिलं की ही मर्यादा कळते. दुकानदार घरात तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, अक्कलकोटहून आलेल्या बाईशी कन्नड आणि ट्रकवाल्याशी हिंदी. त्याची चौथी भाषा लिहायला अर्जात जागा नाही. शहराची बहुभाषिकता तक्त्यात नेहमी थोडी कमीच दिसणार.

आणि ती बदलतेही आहे. महापालिकेने मराठीबरोबर उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमाच्या शाळा चालवल्या. आता आईबाप मुलांना मराठी नाहीतर इंग्रजी शाळेत घालतात. आजी तेलुगूत विचारते, नात मराठीत उत्तर देते. दोघींनाही काही अडत नाही. पण उद्या ही नात आई होईल तेव्हा बाळाशी कोणत्या भाषेत बोलेल, त्यावर पुढच्या पिढीचा रकाना भरला जाईल. कुणी कुठे न जाता, कुणी न मरता एका भाषेची लोकसंख्या अशी घटते. मला याचं दुःख वाटतं. मराठीचा अभिमान असूनही वाटतं, कारण या शहराची मराठी जी काही रांगडी, गोड आणि ‘काय बे’ म्हणणारी झाली, ती या शेजारामुळेच झाली.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ आहे. १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. ज्या शहरात पेठ सांगितली की बरेचदा जात कळते, तिथे हे आकडे फार बारकाईने वाचले जातील. पण मोजणीच्या आधी हद्दी गोठवल्या जातात, आणि मला काळजी त्या रेषेची आहे. कुंभारीतच रे नगर नावाची तीस हजार घरांची योजना आहे. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, फेरीवाले, ड्रायव्हर. पुन्हा साडेचारने गुणा: साडेसदुसष्ट हजार. आज आहे तीच हद्द राहिली, तर सोलापूरची वाढ पुन्हा कमी दिसेल आणि पुन्हा कुणीतरी म्हणेल की शहर आटतंय. शहरातले माग चालवणारी, विड्या वळणारी, कचरा उचलणारी माणसं तेव्हा सकाळची बस पकडून कामाला शहरातच आलेली असतील. महापालिकेचा दवाखाना, बस, पाणी, शाळा यांचं गणित ज्या आकड्यावर बसवायचं, त्या आकड्यात ती नसतील.

प्रगणक रे नगरच्या दारात उभा राहील. गावाच्या नावापुढे कुंभारी लिहील. मग विचारेल, तुमची आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची? सूप खाली ठेवून बाई सांगेल, तेलुगू.